सर्दी-खोकल्याचा घरचा काढा: काय उकळावे आणि काय नुसते मुरू द्यावे

पावसाळ्याचे पहिले आठ-दहा दिवस उलटले की भाजीबाजारात आल्या-कोथिंबिरीच्या शेजारी गवती चहाच्या जुड्या दिसू लागतात आणि साधारण त्याच सुमारास घरात कोणाला तरी पहिली शिंक येते. मग पातेले गॅसवर चढते. त्यात आले पडते, तुळस पडते, डब्यातील लवंगा, मिरे, दालचिनी आणि कोणी सांगितले असेल तर ओवा, हळद, ज्येष्ठमध असे सगळे एकापाठोपाठ पडत जाते आणि पाणी निम्मे होईपर्यंत उकळत राहते. तयार होते ते काळपट, जिभेला चटका देणारे पेय, आणि ते जितके कडक तितके गुणकारी अशी आपली समजूत असते. माझीही बरीच वर्षे होती. प्रत्यक्षात कोणती वस्तू किती वेळ पाण्यात राहावी याचे साधे तंत्र आहे. ते पाळले तर काढा पिण्याजोगाही होतो आणि त्याचा उपयोगही अधिक होतो.

कृतीकडे वळण्यापूर्वी काढ्याकडून काय अपेक्षा ठेवावी ते स्पष्ट असावे. साधी सर्दी दोनशेहून अधिक प्रकारच्या विषाणूंपैकी कोणत्याही एकामुळे होते आणि बहुतेकांची ती सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. हे दिवस पेलाभर काढ्याने निम्म्यावर येतात असे म्हणण्यास भक्कम आधार नाही. काढा जे करतो ते वेगळे आहे आणि आजारी माणसाच्या दृष्टीने ते मुळीच कमी मोलाचे नाही. गरम पेयाने घशाचा कोरडेपणा जातो, पोटात पुरेसे पाणी जाते, वाफेने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते आणि अंगातील कणकण कमी भासते. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात २००८ साली तीस सर्दीग्रस्तांवर एक छोटा प्रयोग झाला होता. त्यात फळांचे एकच सरबत कधी गरम तर कधी खोलीच्या तापमानाला दिले गेले. नाकातून जाणाऱ्या हवेच्या मोजमापात फरक पडला नाही, परंतु गरम पेय घेतल्यावर घसादुखी, थंडी वाजणे आणि थकवा यांतही लगेच आराम वाटला. साध्या पेयाने तो वाटला नव्हता. म्हणजे निम्मे काम ऊबच करते. म्हणूनच काढा दिवसातून तीन-चार वेळा सुखाने पिता येईल इतका सौम्य असावा. नाक धरून एकदाच गिळावा लागेल असा नसावा.

आता तंत्र. आयुर्वेदात वनस्पतींचा अर्क पाण्यात उतरवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या नावांनी सांगितल्या आहेत आणि त्यांपैकी दोन आपल्या कामाच्या आहेत. पहिली क्वाथ, म्हणजेच काढा. शार्ङ्गधर संहितेत भरड कुटलेल्या द्रव्यात सोळा पट पाणी घालून ते एक अष्टमांश उरेपर्यंत आटवावे असे प्रमाण दिलेले आहे. दुसरी फांट. तिच्यात द्रव्यावर कढत पाणी ओतून ते काही वेळ मुरू देतात आणि मग गाळून घेतात. घरातील प्रत्येक गरम पेयाला आपण सरसकट काढा म्हणतो आणि सगळ्यांना सारखेच उकळतो, इथेच घोटाळा होतो. मुळे, साली आणि वाळलेली टणक द्रव्ये, म्हणजे सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी, मिरे, ही उकळल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत. उलट तुळस, गवती चहा, पुदिना या कोवळ्या पानांचा सारा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असतो आणि ते तेल वाफेबरोबर उडून जाते. गवती चहा उकळताना शेजारच्या घरापर्यंत दरवळतो तेव्हा आपल्याला छान वाटते, पण दरवळलेला तेवढा सुवास पेल्यातून वजा झालेला असतो.

पाने शेवटी, गॅस बंद करून आणि झाकण ठेवून, हा एक नियम पाळला तरी घरच्या काढ्यात लगेच फरक जाणवतो.

आले, गवती चहा आणि तुळस

हे रोजचे, बहुतेकांना चालणारे पेय आहे आणि सर्दीच्या पहिल्या दिवशी मी याखेरीज दुसरे काही करत नाही. दोन पेल्यांसाठी अडीच पेले पाणी घ्यावे. अंगठ्याच्या पेराएवढे आले धुऊन खलबत्त्यात ठेचावे, कारण किसलेले आले गाळणीत अडकून बसते आणि चिरलेल्या आल्याचा रस पुरता उतरत नाही. ठेचलेले आले थंड पाण्यातच घालून पातेले गॅसवर ठेवावे आणि उकळी फुटल्यावर मंद आचेवर पाच-सहा मिनिटे उकळू द्यावे. तोपर्यंत गवती चहाच्या तीन-चार पाती धुऊन घ्याव्यात. पातीची कड धारदार असते, ती बोटांतून उलट्या दिशेने ओढली की बारीक चीर पडते आणि ती दिवसभर चुरचुरते, म्हणून पात नेहमी बुंध्याकडून टोकाकडे पुसत यावी. मग तिची घडी घालून मधोमध गाठ मारावी. आमच्याकडे आई असेच करते. गाठ मारताना पात जागोजागी मोडते, वास सुटतो आणि नंतर ती चिमट्याने एकदम बाहेर काढता येते. गॅस बंद करून ही गाठ आणि तुळशीची आठ-दहा पाने हाताने चुरडून पातेल्यात टाकावीत, वर घट्ट झाकण ठेवावे आणि सात-आठ मिनिटे तसेच राहू द्यावे. झाकण काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पुन्हा पातेल्यात निथळू द्यावेत, कारण सर्वांत जास्त सुवास त्या थेंबांतच असतो.

हा चहा बिनदुधाचाच घ्यावा असे माझे मत आहे. ज्यांना दुधाशिवाय चहा जात नाही त्यांनी आले पाण्यात पुरते उकळल्यावरच दूध घालावे, कारण कच्च्या आल्यातील पाचक द्रव्यामुळे दूध नासते. पावसाळ्यात सकाळच्या चहात घाईने आले किसून टाकल्यावर दूध फाटते ते यामुळेच, आणि दोष मात्र दूधवाल्याला दिला जातो. दुधाने सर्दी वाढते ही भीती मनात असेल तर ती सोडावी. दुधामुळे शरीरात कफ अधिक तयार होत नाही. घशात तो थोडा दाट भासतो इतकेच.

सुंठ, मिरे, दालचिनी

आले वाळले की त्याची सुंठ होते आणि या वाळण्यात त्याचा स्वभावही बदलतो. ओल्या आल्यात जिंजेरॉल नावाचे तिखट द्रव्य असते, वाळताना त्यातील काही भागाचे शोगाओल होते आणि ते अधिक जहाल असते. त्यामुळे आल्याच्या जागी तेवढीच सुंठ घालणे चुकीचे आहे. पेरभर आल्याच्या जागी पाव चमचा सुंठपूड पुष्कळ होते.

या गटाचे एक ठरलेले प्रमाण २०२० साली बहुतेकांच्या कानावर आले. आयुष मंत्रालयाने त्या वर्षी जो ‘आयुष क्वाथ’ सुचवला त्यात तुळशीची पाने चार भाग, दालचिनी दोन भाग, सुंठ दोन भाग आणि काळे मिरे एक भाग, असे मिश्रण होते. सगळे वाळलेले घेऊन भरड पूड करायची आणि तीन ग्रॅम पूड १५० मिलिलीटर उकळत्या पाण्यात घालून दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायची, एवढेच त्यात सांगितले होते. तीन ग्रॅम म्हणजे चहाचा एक भरलेला छोटा चमचा. चवीला गूळ, मनुका किंवा लिंबाचा रस चालतो. लिंबू मात्र पेल्यात, शेवटी पिळावे आणि काढा बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात करू नये, कारण आंबटपणाने धातू पाण्यात उतरतो. स्टीलचे पातेले सर्वांत निर्धोक.

त्या वर्षी घराघरांत हे प्रमाण कोठल्या कोठे गेले. आमच्या घरी सकाळ, दुपार, संध्याकाळ असा तीन वेळा काढा होऊ लागला आणि प्रत्येक वेळी मिऱ्यांची मूठ वाढत गेली. पंधराव्या दिवशी वडिलांच्या छातीत जळजळ सुरू झाली आणि तोंड आतून सोलवटून निघाले. मी ते आजाराचे लक्षण समजून घाबरले. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो काढ्याचा. काढा बंद केला, चार दिवस ताक-भात दिला आणि तोंड बरे झाले. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, मूळव्याध आहे किंवा उन्हाळी लागते, त्यांनी मिरे आणि सुंठ यांचा काढा दिवसातून एकदाच, जेवणानंतर आणि फार तर तीन-चार दिवस घ्यावा. निरोगी माणसाने केवळ प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून महिनोन्महिने घेत राहण्याची ही वस्तू नव्हे.

दालचिनी विकत घेताना थोडे लक्ष द्यावे. बाजारात बहुधा मिळते ती जाड, कडक, एकाच थराची साल कॅशियाची असते आणि तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते, जे रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय करू शकते. खरी दालचिनी पातळ, ठिसूळ आणि विडीसारखी अनेक थरांची गुंडाळी असते. कोकणात तिची लागवड होते आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही तिची जात विकसित केली आहे. आठवडाभराच्या सर्दीत बोटाच्या अर्ध्या पेराएवढी कॅशिया चालून जाते, परंतु ज्या घरात वर्षभर चहाच्या मसाल्यात दालचिनी पडते त्यांनी खरी शोधून आणावी.

घसा आणि खोकला

घसा खवखवत असेल आणि कोरडी ढास लागत असेल तर ज्येष्ठमध. काष्ठौषधीच्या दुकानात त्याच्या पिवळसर काड्या मिळतात. पूड घेण्यापेक्षा काडीच घ्यावी, कारण पुडीत काय मिसळले आहे ते कळत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढी काडी ठेचून दोन पेले पाण्यात दहा मिनिटे मंद आचेवर उकळावी, गाळावी आणि घोट घोट घ्यावी. ज्येष्ठमध मुळात इतके गोड असते की गूळ-साखर लागत नाही. घशावरून हा काढा खाली उतरताना जे मऊ वाटते त्याला दुसऱ्या कशाची सर नाही, आणि त्यामुळेच तो जास्त प्यायला जातो. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते, रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम कमी करते. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, लघवी होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गर्भवतींनी ते घेऊ नये. इतरांनीही चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये.

छातीत कफ भरला असेल आणि तो सुटत नसेल तर जुन्या माणसांना हमखास आठवतो तो अडुळसा. त्याची पाने इतकी कडू की शेळ्यासुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून तो पूर्वी कुंपणाला लावत. या कडूपणाशी निगडित एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अडुळशाच्या पानांत वासिसीन नावाचे अल्कलॉइड असते. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, आणि आज खोकल्याच्या बाटल्यांवर ज्याचे नाव छापलेले असते ते अँब्रॉक्सॉल म्हणजे याच ब्रोमहेक्सिनचे शरीरात होणारे रूप. म्हणजे परसातील झुडूप आणि औषधाच्या दुकानातील बाटली यांचे नाते असे जवळचे आहे. म्हणूनच अडुळसा हे चहाचे पान नसून औषध आहे असे समजूनच तो वापरावा. पूर्ण वाढलेली दोन पाने तव्यावर किंचित शेकून मऊ करावीत, बारीक तुकडे करून दीड पेला पाण्यात दोन मिरे घालून एक पेला उरेपर्यंत उकळावे आणि तो दोन वेळांत विभागून घ्यावा. तीन दिवसांत कफ सुटला नाही तर काढा वाढवू नये, डॉक्टरांकडे जावे. गर्भवतींनी अडुळसा कोणत्याही रूपात घेऊ नये, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते. लहान मुलांनाही तो घरच्या घरी देऊ नये. आणि झाड ओळखता येत नसेल तर अंदाजाने पाने तोडू नयेत.

बाकीच्या वस्तूंविषयी थोडक्यात. ओवा चिमूटभर पुरतो आणि त्याचा खरा उपयोग कापडाच्या पुरचुंडीत गरम करून हुंगण्याला अधिक आहे. लवंग एका पेल्याला एकच. हळद पाण्यात नीट उतरत नाही, तिला दुधाची साय किंवा थोडे तूप लागते, म्हणून ती काढ्यात न घालता रात्रीच्या दुधात घ्यावी. पुदिना तुळशीसारखाच, शेवटी. वेखंड मात्र काढ्यात कधीही घालू नये. बाळांच्या डोक्याला, कपाळाला त्याचा लेप लावण्याची आपल्याकडे रीत आहे, पण त्यातील असारोन हे द्रव्य पोटात जाणे हितकारक नाही.

मध, तापमान आणि कोणी जपावे

मध घशाला खरोखर आराम देतो आणि रात्रीचा खोकला कमी करण्यास त्याची मदत होते. तो उकळत्या काढ्यात न घालता काढा कोमट झाल्यावर पेल्यात घालावा. एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. मधात असू शकणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान बाळांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाला मध चाटवणे ही आपल्याकडे कौतुकाची रीत असल्याने आजी-आजोबांना हे समजावून सांगणे अवघड जाते, तरीही ते सांगितलेच पाहिजे.

काढा कढत प्यावा असा आग्रहही नको. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये नेहमी घेणे अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा धोकादायक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली नमूद केले आहे. पेला हातात आरामात धरता आला की पिण्यास हरकत नाही. पाच वर्षांपुढील मुलांना आले-गवती चहाचा पातळ काढा अर्धा पेला देता येतो. त्याहून लहानांना गरम पाणी, मऊ भाताची पेज किंवा वरणाचे पाणी अधिक बरे. मधुमेह असलेल्यांनी गूळ आणि मध यांचा हिशेब साखरेतच धरावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी आले, हळद आणि दालचिनी यांचे कडक काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि ज्यांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत त्यांनी काढा चालू आहे म्हणून त्या थांबवू नयेत.

सर्दी नव्हे, फ्लू असेल तर

सर्दी हळूहळू येते. आधी घसा, मग नाक, मग खोकला. फ्लूचा ताप बहुधा एकदम चढतो, अंग मोडून येते, डोके ठणकते आणि उठून बसवत नाही. महाराष्ट्रात फ्लूचे रुग्ण प्रामुख्याने पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास वाढतात. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला तो असाच पावसाळ्याचा काळ होता. फ्लूवर ओसेल्टामिविर हे विषाणुरोधक औषध आहे, पण ते लक्षणे दिसू लागल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून ६५ वर्षांपुढील व्यक्ती, गर्भवती, पाच वर्षांखालील मुले आणि दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले यांना असा ताप आला तर ‘दोन दिवस काढा घेऊन बघू’ असे म्हणू नये. ते दोन दिवसच मोलाचे असतात. काढा जरूर द्यावा, पण दवाखान्यातून आल्यावर.

दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, बोलण्यात असंबद्धता येणे, तीन दिवसांनंतरही ताप न उतरणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. लहान मुलाचा श्वास ते शांत झोपलेले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांखालील बाळात तो ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असेल तर न्यूमोनियाची शंका घेऊन तातडीने दाखवावे. हे मोजणे प्रत्येक आईवडिलांनी मूल बरे असतानाच एकदा करून पाहावे, म्हणजे वेळेवर हात गडबडत नाहीत.

साठवण

तयार काढा उरला तर तो त्याच दिवशी संपवावा, दुसऱ्या दिवशी गरम करून पिऊ नये. सुंठ-मिऱ्याची पूड काचेच्या कोरड्या बरणीत दोन-तीन महिने चांगली राहते आणि तिचा वास मंदावला की ती टाकून नवी करावी. गवती चहा उन्हात वाळवला तर नुसते गवत उरते, सावलीत वाळवला तर सुवास टिकतो. त्याहून चांगले म्हणजे एक गड्डा कुंडीत लावावा. बुंध्यापासून चार बोटे सोडून पात कापली की पंधरवड्यात ती पुन्हा फुटते. परदेशात राहणाऱ्यांना थाई किंवा व्हिएतनामी दुकानात त्याचे जाड दांडे मिळतात आणि पाती बहुधा छाटलेल्या असतात. खालचा भाग शाबूत असलेला दांडा पेलाभर पाण्यात खिडकीशी ठेवला, पाणी दर दोन दिवसांनी बदलले, तर दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळे फुटतात. मग तो मातीत लावावा आणि थंडीत कुंडी घरात घ्यावी.